चित्रकारानं न मोजलेल्या खिडक्या

जिगसॉ पझलच्या डब्यावरच्या मुंबईत एकही इमारत दुसरीच्या आड येत नाही. गेटवेच्या मागे ताज, ताजला खेटून राजाबाई टॉवर, त्याच्या पायथ्याशी इरॉस सिनेमा, आणि इरॉसच्या डोक्यावरून निघालेला सागरी सेतू थेट हाजीअलीच्या दर्ग्याशी जाऊन टेकतो. जीपीओचा घुमट आणि समोरची काळी-पिवळी टॅक्सी जवळजवळ सारख्याच उंचीची. भूगोलाच्या मास्तरांनी बघितलं असतं तर कान पिरगाळला असता. पण लग्नाच्या ग्रुप फोटोत उंच मामांना मागे आणि ठेंगण्या आत्यांना पुढे उभं करतात, तसा इथे हिशेब आहे. प्रत्येकीचा चेहरा दिसलाच पाहिजे, अंतराचं काय ते नंतर बघू.

हे हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल माझ्या भाचीनं तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या बाबांना, दिवाळीत दिलं. बाबांची उभी नोकरी फोर्टात गेली. रोज बोरीबंदरला, म्हणजे व्हीटीला (आताच्या सीएसएमटीला), उतरायचं, चालत फाउंटनपर्यंत जायचं, संध्याकाळी त्याच वाटेनं परत. डबा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट केला आणि विचारलं, "ह्याचं करायचं काय?"

"जोडायचं, आजोबा."

"जोडलेलंच आहे की," डब्यावरच्या चित्राकडे बोट दाखवत ते म्हणाले.

जेवणाच्या टेबलावर मांडायला आईची परवानगी मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा माळ्यावरचा कॅरम बोर्ड निघाला. हजार तुकड्यांची पझल्स साधारण अडुसष्ट सेंटिमीटर लांब आणि अठ्ठेचाळीस रुंद असतात. कॅरमच्या चौकटीत ती आरामात बसतात, कडा उंच असल्यामुळे तुकडे सांडत नाहीत, आणि रात्री सगळा बोर्ड उचलून पलंगाखाली सरकवता येतो. ज्यांच्या घरी जागेची अडचण आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. आमच्याकडे काही महिने मुंबई पलंगाखाली झोपत होती.

हजार म्हणतात, पण बहुतेक वेळा तुकडे १०२६ असतात. अडतीस उभ्या रांगा, सत्तावीस आडव्या. त्यातले कडेचे १२६. म्हणजे सगळे जण ज्या कडेपासून सुरुवात करतात, ती जेमतेम आठवा हिस्सा. कड लागली की काम झाल्यासारखं वाटतं आणि मग आत उरलेले नऊशे तुकडे समोर येतात. त्यातही पहिले दोनेकशे पटकन बसतात, कारण माणूस आधी ओळखीचं उचलतो. गेटवेची मधली कमान, ताजचा लाल घुमट, राजाबाईचं घड्याळ. हा सगळा भाग आमचा एका शनिवार-रविवारात झाला आणि भाचीला फोनवर फोटोही गेले. मग गाडी अडली. कॅरम बोर्डावर पूर्ण झालेल्या प्रसिद्ध इमारती बेटांसारख्या इकडेतिकडे पडलेल्या, आणि त्यांच्यामध्ये काय येतं हे कुणालाच ठाऊक नाही.

इथे पझलच्या जन्माची गोष्ट सांगायला हवी. अठराव्या शतकात, १७६० च्या दशकात, लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा एक कारागीर होता. त्यानं नकाशे लाकडी फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून कापले. मुलांनी ते जोडायचे आणि जोडता जोडता भूगोल शिकायचा. त्या खेळात प्रत्येक तुकड्याला नाव होतं. फ्रान्स हातात घेतला की फ्रान्सच हातात यायचा, अख्खा. करवत अर्थाच्या रेषेवरून चालायची.

आजचं पझल असं कापलं जात नाही. चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि वरून पोलादी पात्यांचा साचा प्रचंड दाबानं खाली येतो. पात्यांच्या रेषा आधीच ठरलेल्या. खाली मुंबई आहे, मांजराची पिल्लं आहेत की आल्प्समधलं तळं, साच्याला फरक पडत नाही. एकच साचा कितीतरी चित्रांवर चालवतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन पझलांचे तुकडे कधीकधी एकमेकांत चपखल बसतात, मांजराच्या जागी राजाबाई बसवता येते. साच्याला कुठे इमारत संपते आणि कुठे आकाश सुरू होतं याची पर्वा नाही. पातं घुमटाच्या मधून जातं, पुतळ्याच्या मानेतून जातं. एका तुकड्यात इरॉसच्या कोपऱ्याचा पाव भाग, थोडं झाड आणि कुणाच्या तरी गच्चीवरची पाण्याची टाकी. ह्या तुकड्याला नाव काय द्याल?

मला ह्या आंधळ्या पात्याबद्दल आदर वाटायला लागला आहे. चित्रकारानं शहराचा गौरव करायचा म्हणून वीस-पंचवीस मानाच्या इमारती निवडल्या, त्यांना पुढे आणलं, बाकी सगळं भरीला घातलं. पात्यानं ती निवड मानलीच नाही. त्यानं ताजला आणि ताजच्या बाजूच्या बिनचेहऱ्याच्या भिंतीला एकाच मापाचे तुकडे दिले. आणि जोडणाऱ्याचा वेळ तर उलट्या प्रमाणात जातो: ताजला दहा मिनिटं, त्या भिंतीला एक संध्याकाळ. पोस्टर भिंतीवर लावलं असतं तर त्या भिंतीकडे मी आयुष्यात बघितलं नसतं.

बाबांचा खरा कामाचा काळ इथूनच सुरू झाला. ओळखीच्या इमारतींत त्यांना रस नव्हता, ते म्हणायचे, "त्या तू कर, त्या कुणालाही येतील." ते एकेक तुकडा चष्म्याजवळ नेऊन बघायचे. एकदा मी व्हीटीच्या ढिगात टाकलेला तुकडा त्यांनी उचलला.

"हा व्हीटीचा नाही."

"कशावरून?"

"अगं, व्हीटीचा दगड पिवळट. हा काळा बघ. हायकोर्टाचा असणार."

तो हायकोर्टाचाच होता. चित्रकाराला इथे दाद दिली पाहिजे, त्यानं रंग मनानं भरले नव्हते. दक्षिण मुंबईच्या जुन्या इमारतींचा रंग हा रंगाऱ्यानं दिलेला नाही, तो खाणीतून आलेला आहे. मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, काळानिळा बेसॉल्ट, कोरीवकामासाठी पोरबंदरचा मऊ दगड. आज मालाड आणि कुर्ला म्हटलं की लोकल, मॉल आणि गर्दी आठवते. तिथल्या टेकड्या एकेकाळी फोडून फोर्टात आणल्या आहेत हे डोक्यात येत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत बघा, करड्या आणि पिवळसर दगडांचं मिश्रण आहे. ते कुर्ला आणि मालाडच आहेत, शेजारी शेजारी रचलेले.

खिडक्यांचं मला व्यसन लागलं. पझल नसतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मला ह्या इमारती माहीत आहेत. माहीत होता तो आकार, लांबून दिसणारा. आता एका नखाएवढ्या तुकड्यावर फक्त एक खिडकी आहे आणि ती कुणाची हे ठरवायचं आहे. वर टोकदार कमान आणि आत बारीक दगडी खांब असेल तर ओव्हलच्या पूर्वेकडची, म्हणजे विद्यापीठ किंवा हायकोर्ट. कमान नाहीच, खिडकी आडवी, वर सिमेंटचा पातळ छज्जा कोपऱ्यावरून गोल वळून पुढे गेलेला, तर पश्चिमेकडची. कमानीवर कमळाच्या पाकळ्यांसारखी नक्षी आणि वर घुमटी दिसली तर वास्तुकार विटेटच्या हातची, म्हणजे गेटवे किंवा संग्रहालय. जॉर्ज विटेटनं दोन्ही केली. महिनाभरानं मी रस्त्यानं जाताना डोंबिवलीतल्या नव्या सोसायट्यांच्या खिडक्या पण अशाच वाचायला लागले. त्यात काही वाचण्यासारखं नसतं, ही गोष्ट वेगळी.

ओव्हल मैदानाचा भाग ह्या पझलचा जीव आहे. पूर्वेला १८७० च्या दशकातल्या टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती, पश्चिमेला १९३० च्या दशकातली गोल कोपऱ्यांची आर्ट डेको घरं आणि इरॉस. मध्ये मैदान. दोन काळ एकमेकांसमोर उभे आणि मध्ये पोरं क्रिकेट खेळताहेत, असं दृश्य जगात फार ठिकाणी नाही. युनेस्कोनं २०१८ मध्ये ह्या सगळ्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो ९४ इमारतींना मिळून. एका ताजमहालासारखी एकच भव्य वास्तू नव्हे, चौऱ्याण्णव इमारती आणि त्यांच्यामधलं गवत. त्यातल्या कितीतरींत लोक राहतात, कपडे वाळत घालतात. कॅरम बोर्डावर मात्र हे मधलं गवत म्हणजे छळ होता. सगळं हिरवं, सगळीकडे सारखं. चित्रकारानं तिथे पांढऱ्या कपड्यातले खेळाडू काढले म्हणून निभावलं. एका तुकड्यावर बॅट, दुसऱ्यावर नुसता पॅड. पझलसाठी चित्र काढणाऱ्यांना ही अक्कल असावी लागते, मोठा सपाट रंग ठेवायचा नाही. आकाशातही त्यानं घारी सोडल्या होत्या. मुंबईच्या आकाशात घारी असतात हे कुणी मुंबईकर विसरत नाही, पण चित्रात सहसा समुद्रपक्षी काढतात.

राजाबाई टॉवरची एक गंमत आहे. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं त्याचा आराखडा लंडनमध्ये बसून केला. तो मुंबईला कधी आलाच नाही. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, दोन लाख रुपये, आईचं नाव द्यायच्या अटीवर. शेअर बाजाराचा हा राजा. आई दृष्टिहीन होती, जैन असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवायची, घंटेवरून तिला वेळ कळावी म्हणून हा मनोरा, असं सांगतात. खरं असो नसो, गोष्ट टिकलेली आहे. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला, ८५ मीटर उंच. त्याच वर्षी व्हीटीचं काम सुरू झालं आणि तिथे तर चित्र आधी होतं: फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून अ‍ॅक्सेल हेगनं स्टेशनचं जलरंगातलं मोठं चित्र रंगवलं, दगड रचले जाण्याआधी. डब्यावरचं चित्र म्हणतात ते हेच. पुढे दहा वर्षं ते चित्र बघून स्टेशन उभं राहिलं. चित्रात नसलेली एक गोष्ट मात्र इथल्या हातांनी घातली. बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी दगडात माकडं, मोर, पानं-फुलं कोरली. हायकोर्टाच्या खांबांवर तर एक डोळा बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड आहे. कंत्राटदारानं कोर्टावर सूड उगवला, अशी त्याची दंतकथा. ते माकड आमच्या पझलमध्ये नाही. इतक्या छोट्या जागेत मावणार कसं? पण त्यामुळे एक झालं, बाबांनी एका रविवारी ते भाचीला प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. ते अजून ठरलेलंच आहे.

स्टीव्हन्सवरून आठवलं. आमच्या चित्रात बापलेक दोघंही आहेत. व्हीटी आणि तिच्या समोरची महापालिकेची इमारत बापाची. रीगल सिनेमा, १९३३ चा, मुलाचा, चार्ल्स स्टीव्हन्सचा. बापानं दगडात घुमट आणि सज्जे रचले, मुलानं सिमेंटच्या सरळ रेषा ओढल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकाच घरात हाताचं वळण इतकं बदललं. हे दोघं चित्रात एकमेकांपासून तीन बोटांवर आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक मळकट तपकिरी पट्टा येत होता, ज्याचे तुकडे कुठेच बसेनात.

तो पट्टा बाबांनी लावला. लहान लहान कमानी, एकीला लागून एक, खाली सावलीचा काळा रंग. मला वाटत होतं, चित्रकारानं जागा भरायला काहीतरी गिरवलंय.

"हा आपला डी. एन. रोड," बाबा म्हणाले. "कमानीखालचा रस्ता. पावसाळ्यात व्हीटीतून निघालो की फाउंटनपर्यंत छत्री काखेतच. गल्ली ओलांडताना काय भिजू तेवढंच."

ह्या कमानींमागे एक कायदा आहे. जुना हॉर्नबी रोड रुंद होऊन त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उठायला लागल्या तेव्हा, १८९६ मध्ये, सरकारनं नियम घातला की तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी कमानींचा छायेतला रस्ता सोडायचाच. वरती मग गॉथिक करा, ग्रीक खांब लावा, मुघली घुमट्या चढवा, तुमची मर्जी. म्हणून त्या रस्त्यावर एकही इमारत दुसरीसारखी नाही आणि तरी सगळा रस्ता एका हातानं केल्यासारखा वाटतो. माझ्या मते मुंबईच्या वास्तुकलेतली सगळ्यात हुशार गोष्ट ही आहे, एखादा घुमट नव्हे. तिला नाव नाही, ती कुठल्याच डब्यावर मानानं येत नाही, आणि तिचा उपयोग रोज काही लाख माणसं करतात. पुढे दुकानांच्या पाट्यांनी त्या कमानी झाकल्या गेल्या होत्या. त्या मोकळ्या करायचं काम झालं तेव्हा बाबा निवृत्त झालेले. "आमच्या वेळेला कमान असते हे पायांना माहीत होतं, डोळ्यांना नव्हतं," असं ते म्हणाले.

आता एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. सात बेटं जोडून झालेली मुंबई म्हणजेच एक जिगसॉ पझल, ही उपमा पझल बघून घरी आलेल्या प्रत्येकानं ऐकवली. मी मान डोलावली, चहा दिला. मला ती पटत नाही. पझल जोडणाऱ्याकडे डबा असतो. समुद्र बुजवणाऱ्यांकडे कसला डबा? १८६० च्या दशकात कापसाच्या पैशावर बॅकबे भरायला कंपनी निघाली. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि कंपनी बुडाली. प्रेमचंद रायचंद यांचंही त्यात दिवाळं वाजलं. अर्धशतक उलटून गेल्यावर, गव्हर्नर लॉइडच्या काळात, पुन्हा भरणी सुरू झाली. खर्च वाढत गेला, गाळ वाहून जायला लागला, वकील के. एफ. नरिमन यांनी गैरकारभार चव्हाट्यावर आणला, आणि योजना मूळ कागदावर होती त्यापेक्षा कितीतरी लहान करून आवरती घ्यावी लागली. जी जमीन हाती लागली तिच्यावर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेची ती गोल कोपऱ्यांची घरं उभी राहिली. हे पझल नव्हतं. तुकडे करत करत चित्र ठरत गेलं, आणि ते अजून ठरतंय.

खरोखर तुकड्यांतून जोडलेली इमारत मुंबईत आहे, ती मात्र डब्यावर नाही. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजावर चढवला, आणि १८६० च्या दशकात इथे आणून जागेवर जोडला. खांब, तुळया, सगळं माप घेऊन पाठवलेलं. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवला गेला तो ह्याच हॉटेलात, ७ जुलै १८९६ ला. मग हॉटेल बंद झालं, आत वकिलांच्या कचेऱ्या आणि भाडेकरू आले, लाकूड कुजलं, २००५ मध्ये बाल्कन्यांचा भाग कोसळला. गौरवाच्या चित्रात अशी इमारत काढायची तरी कशी? नवी करकरीत काढली तर खोटं, आहे तशी काढली तर डबा कोण घेणार? चित्रकारानं ती गाळली याचा मला राग नाही. राग येतो तो त्याच डब्यावरच्या डबल डेकरचा. लाल, डिझेलची, जुनी. ती आणि प्रीमियर पद्मिनी टॅक्सी, दोन्ही २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या. म्हणजे गेलेल्या गाड्यांना चित्रात जागा आहे, कारण त्या गोड आहेत. उभी असलेली, टेकू लावलेली इमारत नको, कारण ती गोड नाही. आठवण म्हणजे काय ठेवायचं याचा हा हिशेब मला अजून नीट उमगलेला नाही.

पझल पूर्ण झालं. तुकडे सगळे होते. हरवलेल्या शेवटच्या तुकड्याची गोष्ट अशा लेखांत असतेच, आमच्याकडे ती घडली नाही. मग वाद सुरू झाला तो फ्रेम करायची की मोडायचं यावर. आईचं मत फ्रेमच्या बाजूनं, इतके दिवस पलंगाखाली झाडू जात नव्हता त्याची काहीतरी भरपाई हवी. माझं मत मोडायचं. मागून गोंद लावून भिंतीवर टांगलं की ते पुन्हा पोस्टर होणार. पुन्हा गेटवे दिसेल, ताज दिसेल, आणि डी. एन. रोडच्या कमानी पुन्हा तपकिरी पट्टा होतील. भाचीनं फोनवरून मोडायला पाठिंबा दिला. बाबा काहीच बोलेनात. ते चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होते, जिथे सागरी सेतूच्या मागे काही उंच इमारती नुसत्या निळसर चौकटींनी दाखवल्या होत्या, धूसर, एकसारख्या.

"वरळी इथे येते ना?" त्यांनी विचारलं. "मग चाळी कुठायत?"

बाबांचं लहानपण बीडीडी चाळीत गेलं, नायगावच्या. वरळीच्या चाळींत त्यांची आत्या राहायची. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. लॉइडनं १९२० मध्ये स्थापन केलेलं हे खातं, बॅकबेचा समुद्र भरायला घेणारं तेच. एकाच खात्यानं इकडे श्रीमंतांच्या घरांसाठी जमीन केली आणि तिकडे गिरण्यांत राबणाऱ्यांसाठी चाळी बांधल्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७. प्रत्येक चाळीत तळमजला आणि वर तीन मजले, मिळून ऐंशी खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, मजल्याला सामायिक संडास. डब्याच्या एका बाजूला त्या खात्यानं भरलेली किनारपट्टी झगमगते आहे. दुसऱ्या बाजूला त्याच्या चाळींच्या जागी निळसर धूर.

मी म्हटलं, "बाबा, चाळीचं पझल कुणी काढलं तर ते जोडून होणारच नाही. सगळ्या खिडक्या सारख्या. शंभरातला तुकडा कुठला म्हणून लावायचा?"

"सारख्या?" बाबांना हसू आलं. "आमच्या मजल्यावर वीस खोल्या. पहिल्या खिडकीत तुळशीचा डालडाचा डबा, गंजलेला. तिच्या बाजूला शिवणाचं मशीन, दिवसभर उजेडाला लावलेलं. मग तालमीतल्या पोरांची खोली, तिथे लंगोट वाळत. एका खिडकीला निळा कागद, युद्धाच्या वेळेला काळोख करायला लावला तो तसाच राहिला. आमच्या खिडकीत आजीची बरणी, लिंबाच्या लोणच्याची, उन्हाला. एका घरचा कंदील दिवाळी झाली तरी होळीपर्यंत उतरवायचे नाहीत. सांग, ह्यातल्या कुठल्या दोन सारख्या आहेत?"

ते पुढेही बराच वेळ सांगत होते, मजल्यामागून मजला, जिन्याजवळच्या खोलीपासून टोकाच्या खोलीपर्यंत, मध्ये अडखळले की आईला विचारत. तिनंही लग्नानंतरची पहिली वर्षं तिथे काढलेली असल्यामुळे दोन खिडक्यांवरून दोघांत जुंपली. मी डब्याच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चौकटी आखून लिहून घ्यायला लागले. तिसरा मजला भरला आहे, दुसऱ्यातल्या सहा खोल्या अजून रिकाम्या आहेत. बाबांच्या ओळखीतले एक जण त्याच मजल्यावरचे, ते आता विरारला राहतात, त्यांना फोन करायचा आहे. कुणा चित्रकाराला हे काढायचं असेल तर त्यानं चाळीत स्वतः जाऊन खिडक्या बघाव्यात असं मी म्हणेन, पण त्याला घाई करावी लागेल. चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आहे, आणि वरळीतल्या नव्या टॉवरमधल्या पहिल्या घरांच्या किल्ल्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्याही गेल्या.